गावंडे सर आकृती काढत नसत

मी भूमिती शिकवत असे आणि माझ्या आकृत्या फार सुंदर असत. हे खरं तर दुसऱ्या कोणी सांगायला हवं होतं, पण कोणी सांगितलं नाही, म्हणून मीच सांगतो. माझ्या पिशवीत पाच रंगांचे खडू, सागवानी कंपास आणि हातभर लांब पट्टी असायची. त्रिकोण पांढरा, लंब पिवळा, वर्तुळ निळं, आणि जी ओढल्याबरोबर सगळं कोडं सुटतं ती रचनेची रेघ लाल. ती लाल रेघ ओढण्याआधी मी जरा थांबायचो, वर्गाकडे वळून पाहायचो आणि मगच ओढायचो. पोरं मला पाठीमागे 'पेंटर' म्हणत. ही पदवी कौतुकाची नव्हती हे मला फार उशिरा समजलं. उशिरा समजणं हा माझा स्वभावच आहे. पुढं जे सांगणार आहे ते सगळं त्या स्वभावापायीच घडलं.

एकोणीसशे सत्तरच्या आसपास नागपुरातल्या एका खाजगी संस्थेच्या कॉलेजात गणिताला आम्ही दोघंच होतो. एक मी, साताऱ्याहून नोकरीसाठी आलेला बापट. दुसरे गावंडे सर, नरखेडकडचे, संत्र्याच्या बागाईतदाराच्या घरातले, माझ्यापेक्षा चांगले पंधरा वर्षांनी मोठे. ढगळ पॅंट, खांद्यावर दुपट्टा आणि डोळ्यांवर काळा चष्मा. तो चष्मा ते वर्गातसुद्धा काढत नसत. मला वाटायचं, माणूस शौकीन आहे.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण मला जी कळायला चार वर्षं लागली ती वाचकाला पहिल्याच पानावर कळलेली बरी. गावंडे सरांना दिसत नव्हतं. डोळ्यांचा पडदा सुकत चालला होता. आधी अंधारातलं दिसेना, मग कडेचं दिसेना, मग नळीतून पाहावं तेवढंच समोरचं उरलं, आणि मी त्यांच्याशी वाद घालत होतो त्या दिवसांतच तेही गेलं. त्यावर औषध नव्हतं. कॉलेजात हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांनी मिळून ते झाकून ठेवलं होतं, कारण संस्थेचे सचिव कडक होते. कानांनी कमी ऐकू येतं म्हणून आमच्या ग्रंथपालांना त्यांनी एका सहीनं घरी बसवलं होतं. ग्रंथालयात ऐकण्यासारखं असतं तरी काय, असंही कोणी त्यांना विचारलं नाही. गावंडे सरांना पगाराची फार चिंता नव्हती, घरी बाग होती. पण ते घरी वहिनींना म्हणत, "फळ्यासमोरून उठलो का मी काय कामाचा गा? संत्री तर कोणीही तोडते."

हे सगळं शिपायापासून प्राचार्यांपर्यंत साऱ्यांना माहीत होतं. फक्त मला नव्हतं. मी आकृत्या पाहण्यात गुंतलो होतो.

त्यांच्या सवयी मी रोज पाहत होतो, आणि प्रत्येक सवयीचा मी चुकीचा अर्थ लावला होता. स्टाफरूममधली त्यांची खुर्ची कोणी वीतभर हलवली तरी ते खवळत. मी मनात म्हणायचो, जमीनदारी गेली तरी ऐट गेली नाही. चहा आला की शिपाई कप त्यांच्या बोटांना टेकवून ठेवायचा आणि बशीवर चमचा वाजवायचा. मला वाटलं, काय हा थाट! मग मीही एकदा शिपायाला म्हणालो, "माझ्याही बशीवर वाजवत जा." तो माझ्याकडे बघतच राहिला. वर्गात ते स्वतः खडू हातात घेत नसत. टेबलाला टेकून उभे राहत आणि एखाद्या पोराला नाहीतर पोरीला फळ्यापाशी बोलावून सांगत, "लिही." मी याला आळस म्हणायचो.

आणि सगळ्यांत मोठी सवय म्हणजे, भूमितीचं कोडं त्यांच्यासमोर ठेवलं की ते म्हणत, "चित्र ठेव तुझ्याजवळ. वाचून दाखव."

भूमितीचं कोडं ते आकृतीशिवाय सोडवत. त्यांचं सगळं काम संमिश्र संख्यांवर चालायचं. कागदावरचा प्रत्येक बिंदू म्हणजे एक संख्या. बिंदू सरकवायचा असेल तर बेरीज करायची, काटकोनात वळवायचा असेल तर 'आय'नं गुणायचं. उणे एकाचं वर्गमूळ म्हणून पुस्तकात जी संख्या काल्पनिक ठरवली आहे तीच ही आय. पोरांना ती पटत नसे, पटावी तरी कशी? सर त्यांना बैल सांगत.

"पोट्टेहो, बैल उगवतीकडं तोंड करून उभा हाय. त्याले डावीकडं वळवा. झालं, आयनं गुणलं. आता आणखी एकदा डावीकडं वळवा. तोंड कुठं झालं?"

"मावळतीकडं!" सगळा वर्ग ओरडायचा.

"म्हणजे एकाचा झाला उणे एक. दोनदा वळवलं का उणे एक. बैल खराखुरा हाय, वळण खरंखुरं हाय. मंग याच्यात काल्पनिक काय हाय बावा?"

शेजारच्या वर्गात माझी लाल रेघ चालू असताना भिंतीपलीकडून हे "मावळतीकडं!" ऐकू यायचं आणि माझा हात हलायचा. गणितात बैल! साताऱ्यात आम्ही बैल पोळ्याला पूजत होतो, वर्गात आणत नव्हतो.

दर शनिवारी दुपारी कॉलेजबाहेरच्या टपरीवर आमची तर्री-पोह्यांवर पैज लागे. कोडं माझं, उत्तर त्यांचं. एका दिवाळीच्या सुट्टीत मी एक कोडं घेऊन बसलो होतो. कुठलाही वेडावाकडा चौकोन घ्या, त्याच्या चारही बाजूंवर बाहेरून एकेक चौरस काढा. समोरासमोरच्या चौरसांचे मध्य जोडले तर दोन रेघा मिळतात. त्या दोन्ही सारख्या लांबीच्या असतात आणि एकमेकींना काटकोनात असतात. सिद्ध करा. घरचे सगळे फराळ करत होते आणि मी रचनेच्या रेघा ओढत होतो. शेवटी सुटलं खरं, पण माझी आकृती इतकी भरगच्च झाली की तिच्यात मूळ चौकोन सापडेना. बायको म्हणाली, "रांगोळी छान आहे, पण ती दारात काढतात."

शनिवारी मी ते कोडं ऐटीत वाचून दाखवलं. गावंडे सरांनी तर्रीचा घोट घेतला, तिखटानं वाहू लागलेलं नाक दुपट्ट्यानं पुसलं आणि समोर कुठंतरी पाहत पुटपुटले. चार टोकं म्हणजे चार संख्या, चौरसाचा मध्य म्हणजे अर्धी बाजू अधिक तीच अर्धी काटकोनात वळवून, वजाबाकी कर. पोहे संपायच्या आत म्हणाले, "एका रेघेले आयनं गुणलं का दुसरी येते गा. म्हणजे लांबी तेवढीच आन् काटकोन. आता आणखी एक प्लेट सांग, तुह्याकडून."

"पण सर, यात सौंदर्य कुठं आहे?" मी चिडून विचारलं.

"रेघ नको ओढू गा बापट, फिरव. रेघ ओढली का माणूस तिच्यातच अडकते."

हे वाक्य माझ्याबद्दल होतं. मला वाटलं, भूमितीबद्दल आहे.

असं चार वर्षं चाललं आणि मी एकही पैज जिंकलो नाही. अखेर मी तेच केलं जे हरणारा माणूस नेहमी करतो. मी तत्त्वाचा प्रश्न उपस्थित केला. वर्षअखेरीची सभा होती, सचिव साहेब स्वतः हजर होते, आणि मी उभा राहून म्हणालो की आपल्या कॉलेजात काही विद्यार्थी आकृती न काढता भूमिती शिकताहेत. आकृतीशिवाय भूमिती म्हणजे नवरीशिवाय लग्न! या वाक्यावर हशा येईल म्हणून मी थांबलो. कोणी हसलं नाही. वनस्पतिशास्त्राच्या मिस मेश्राम माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय मारला. बिचाऱ्यांना जागा कमी पडत असेल असं वाटून मी पाय बाजूला घेतला आणि भाषण पुढं चालू ठेवलं.

सचिव साहेब म्हणाले, "असं? मग सोमवारी मीच गावंड्यांच्या तासाला येऊन बसतो. भूमितीचाच तास घ्या. बघू कसं शिकवता ते."

गावंडे सर एवढंच म्हणाले, "या ना साहेब."

सभा संपल्यावर माझ्याशी कोणी बोललं नाही. मला वाटलं, विचारात पडलेत.

रविवारी मला त्यांची दया आली. म्हातारपणी माणसाला आकृती काढता येऊ नये आणि ते सचिवांसमोर उघडं पडावं, हे बरं नव्हे. म्हणून मी सायकलला पिशवी लावली, त्यात खडू, कंपास, पट्टी घातली आणि सक्करदऱ्याला त्यांच्या घरी गेलो. आकृत्या शिकवायला! आजही हे लिहिताना कान गरम होतात.

सर अंगणात खाटेवर बसले होते. वहिनी आत सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या, तळत होत्या. मी वेळ न दवडता ओसरीच्या फरशीवर लाल खडूनं त्रिकोण काढला आणि म्हणालो, "सर, अगदी सोपं आहे. नुसतं पाहा."

ते उठून आले, वाकले आणि फरशीवर हात ठेवला. हात त्रिकोणाच्या बराच बाजूला पडला. बोटं हळूहळू फरशी चाचपत होती आणि त्रिकोण तिथं नव्हता.

"इकडं, सर," मी म्हणालो. "चष्मा काढा ना, उजेड आहे."

वहिनी झारा हातात घेऊन दारात आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी, त्यायले दिसत नाही."

"नंबर वाढला असेल. चष्मा बदलून घ्या." हे मी म्हणालो. खरंच म्हणालो.

"चष्म्याचं नाही वं बाई..." त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, आणि मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "काहीच दिसत नाही त्यायले. ऊन हाय का सावली हाय, तेवढं कळते. दोन वर्सं झाली. साऱ्या कालेजाले माहीत हाय, तुमाले कोणी सांगितलं नाही?"

मी तसाच उकिडवा बसून राहिलो. चार वर्षांतल्या एकेक गोष्टी डोळ्यांसमोर येऊ लागल्या. खुर्ची, बशीवरचा चमचा, "वाचून दाखव", टेबलाखालचा तो पाय. मला रडू आलं आणि लाजही वाटली. मी उठून सरांचा हात धरला आणि म्हणालो, "सर, मी आत्ता सचिवांकडे जातो. माझं चुकलं म्हणून सांगतो."

"काहून? तू गेला का त्याले कळन, का काहीतरी हाय. गप बस." ते हसत होते. "कालेजातल्या लोकायनं तुले काहून सांगितलं नाही, माहीत हाय? मीच नाही म्हटलं होतं. सारे मले सांभाळून घेते गा. हो सर, बरोबर सर. तू एकटाच माह्याशी भांडत होता. ज्याच्याशी कोणी भांडत नाही, तो माणूस सरला समज."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. वहिनींनी पुढ्यात सांबारवडी ठेवली, तर मी ती हातात धरून बसलो. सर म्हणाले, "खा. गार झाली का चव जाते." आणि मग त्यांनी विचारलं, "मैदानात व्हॉलीबॉलची जाळी लागली हाय का?"

"लागली आहे."

"मंग उद्या मले कडुनिंबाकडच्या खांबापाशी नेऊन सोड. बाकी मी पाह्यतो."

'पाह्यतो' म्हणाले. आणि मग मला उद्याचं सगळं गणित समजावून सांगितलं.

सोमवारी सचिव साहेब आले तेव्हा वर्ग रिकामा होता आणि सगळे मैदानात होते. मी सरांना खांबापाशी सोडून बाजूला झालो होतो. ते जाळीवरून हात फिरवत कडुनिंबाकडच्या खांबापासून नळाकडच्या खांबापर्यंत चालत गेले, पुटपुटत अर्ध्यावर परत आले, तिथून काटकोनात वळून तितकीच अर्धी पावलं चालले आणि टाचेनं माती उकरून उभे राहिले. पाहणाऱ्याला वाटावं, सर फेऱ्या मारताहेत. मला आदल्या दिवसापर्यंत तसंच वाटलं असतं.

"साहेब," ते मोठ्यांदा म्हणाले, "आज आकृती मैदानावर काढू. हे दोन खांब पक्के. आता एक तिसरा बिंदू पाहिजे. तो तुम्ही व्हा. मनाला येईल तिथं उभे राहा."

सचिव साहेब कौतुकानं मैदानाच्या एका कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. सरांनी सारख्या उंचीची दोन पोरं त्यांच्यापाशी पाठवली. एकानं पावलं मोजत कडुनिंबाकडच्या खांबाशी जायचं, तिथं उजवीकडं काटकोनात वळायचं आणि मोजली तितकीच पावलं पुढं चालायचं. दुसऱ्यानं नळाकडच्या खांबाशी जायचं, डावीकडं वळायचं आणि तसंच करायचं. मग दोघांनी एकमेकांच्या दिशेनं सारखी पावलं टाकत यायचं. दोघं पोट्टे निघाले, वळले, थांबले आणि एकमेकांकडे येत येत बरोबर गावंडे सरांच्या पुढ्यात येऊन भेटले.

"ठीक," सचिव म्हणाले. "जमवून आणलंय."

"जागा बदला ना साहेब."

साहेब जाळीच्या पलीकडे गेले. पोरं पुन्हा चालली, वळली आणि पुन्हा सरांच्या पुढ्यात भेटली. आता साहेबांना चेव आला. ते धोतराचा सोगा हातात धरून पार सायकल स्टॅंडपाशी जाऊन उभे राहिले. एक पोरगा चालत चालत कुंपणाला टेकला, दुसरा कॅंटीनच्या ओट्यापर्यंत गेला. सगळं कॉलेज गच्चीवर आणि व्हरांड्यात उभं होतं. मी दोघांची पावलं मनात मोजत होतो, कारण गणित मला आदल्या रात्री पटलं होतं, पण पोरांच्या पावलांचा भरवसा काय? सर मात्र हाताची घडी घालून उभे होते. काळा चष्मा भलतीकडेच वळलेला. दोघं पोरं लांबून येत राहिली, जवळ आली आणि सरांच्या एका अंगाला एक, दुसऱ्या अंगाला एक अशी थांबली. हातभर इकडे-तिकडे झालं असेल, पण मध्ये सरच होते.

टाळ्या पडल्या तशी सरांनी आवाज दिला, "साहेब, तुम्ही कुठंही जा! पोट्टे शेवटी माह्यापाशीच येते!"

मग वर्गात एका मुलीनं फळ्यावर लिहिलं आणि सरांनी टेबलाला टेकून सांगितलं. एका पोराच्या वाटेत साहेबांचा बिंदू आयनं गुणून अधिक आला होता, दुसऱ्याच्या वाटेत तोच आयनं गुणून उणे. बेरीज केली आणि तो कटला. उरले फक्त दोन खांब. "पाहा साहेब," सर म्हणाले, "बेरजेत तुम्ही कटले." सचिव साहेबांना कोणी असं तोंडावर कधी म्हणालं नसेल. ते पोट धरून हसले.

त्यानंतर सर निवृत्त होईपर्यंत त्यांच्या तासाला कोणी येऊन बसलं नाही. मी पुढं कित्येक दिवस सर्वांना सांगत होतो की सचिवांना काही कळलं नाही. शेवटी मिस मेश्राम म्हणाल्या, "बापट सर, मैदानातून वर्गात जाताना सरांचा दंड कोणी धरला होता? पायरी आली का 'पायरी' असं कोणी म्हटलं होतं?" सचिव साहेबांनी. मी त्या वेळी तिथंच मागं चालत होतो. अर्थात माझं लक्ष मैदानातल्या आकृतीकडे होतं.

शनिवारचे पोहे चालू राहिले. फरक एवढाच की मी आकृती न आणता यायचो आणि कोडं वाचून दाखवायचो. तरी हरायचोच. आणि भांडायचो मात्र पूर्वीपेक्षा जोरात, कारण आता ते माझं काम होतं. कधी कधी हरल्यावरही मी मुद्दाम वाद लांबवत असे, आणि सरांना ते कळत असे.

निवृत्त झाल्यावर ते गावी बागेत राहायला गेले. काही वर्षांनी, अंबिया बहाराची संत्री चालू असताना, मी त्यांना भेटायला गेलो. ते झाडांमधून कोणाचाही हात न धरता फिरत होते. झाडं रांगेत, सारख्या अंतरावर लावलेली. "हे पाह्य," ते म्हणाले, "सगळी बाग म्हणजे संमिश्र संख्या. इतकी झाडं सरळ, इतकी आयकडं. हरवतो कशाले?" मी त्यांना एक नवं कोडं सांगितलं. ते त्यांनी एक संत्रं सोलेपर्यंत सोडवलं आणि अर्धं संत्रं मला दिलं. केस पूर्ण पिकले होते, आवाज थोडा बसला होता. उठताना खांद्याचा आधार लागला, तो माझा घेतला.

संध्याकाळच्या एसटीला मला सोडायला ते फाट्यापर्यंत आले. रस्ता पावलांत पाठ होता. बस आली, मी चढलो, खिडकीशी बसलो. बस वळायला लागली, इंजिनाचा आवाज उजवीकडून समोर आला, समोरून डावीकडं गेला, आणि खाली उभे असलेले सर त्या आवाजाबरोबर जागच्या जागी फिरत राहिले. चेहरा बरोबर माझ्या खिडकीकडे. हात वर केलेला.

मीही हात हलवत होतो. बराच वेळ हलवत होतो, मोठ्या प्रेमानं. मग माझ्या लक्षात आलं. माझ्या स्वभावाप्रमाणे उशिराच, पण बस निघून जायच्या आत. मी खिडकीतून अर्धा बाहेर वाकलो आणि साताऱ्याचा बापट असूनही त्यांच्याच बोलीत, सगळ्या बसला ऐकू जाईल असं ओरडलो,

"सर! मी हात हलवून राहिलो!"

"हो गा," ते तिथूनच ओरडले, "पाहून राहिलो."